रिफॉर्मेशन शिकायचंय? आधी एका गावाचा जमाखर्च वाचा

प्रॉटेस्टंट धर्मसुधारणा, म्हणजे सोळाव्या शतकात युरोपात कॅथलिक चर्चपासून फुटून नवे पंथ निघाले ती चळवळ, हा विषय एम.ए.ला घेतला, किंवा बाहेर जाऊन त्यावर पुढे काम करायचं ठरवलं, की पहिल्या आठवड्यात हाती पडणारी यादी ठरलेली असते. १५१७, जर्मनीतलं विटेनबर्ग, तिथल्या ल्यूथरने चर्चविरुद्ध मांडलेले पंच्याण्णव मुद्दे, मग जिनिव्हाचा कॅल्विन, मग समाजशास्त्रज्ञ वेबर आणि भांडवलशाही. ही यादी पाठ करून परीक्षा सुटते. पण या बदलाने माणसांचं रोजचं जगणं कसं पालटलं हे तिच्यातून कळत नाही, आणि संशोधनाला विषय तर नाहीच मिळत.

आपल्याकडून जाणाऱ्याच्या डोक्यात आणखी एक गोष्ट पक्की असते. न्यायमूर्ती रानड्यांनी संतांच्या चळवळीची तुलना युरोपातल्या धर्मसुधारणेशी केली, तेव्हापासून वारकरी म्हणजे आपले प्रॉटेस्टंट हे समीकरण आपण शाळेपासून ऐकतो. देशी भाषा, पुरोहितांच्या मक्तेदारीला विरोध, इथपर्यंत ते जुळतं. पुढे पाहा : इंग्लंडमध्ये सुधारणेने यात्रा बंद केल्या, मूर्ती काढल्या, संतांचे सण कॅलेंडरमधून उडवले. पंढरपूरची वारी ज्या गोष्टींवर उभी आहे, नेमक्या त्याच. रानडे वाचा, जरूर वाचा, पण पहिलं वर्षभर ही तुलना बाजूला ठेवा. प्रवेशाच्या अर्जात तर घालूच नका; वाचणाऱ्याला ती गोड वाटते आणि पुढचा प्रश्न असा येतो की उत्तर सुचत नाही.

माझा सल्ला सरळ आहे : एक गाव निवडा आणि त्याचे हिशेब वाचा. मी मोअरबाथपासून सुरुवात केली आणि नव्या मुलांनाही तेच सुचवते.

मोअरबाथ हे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं, एक्समूरच्या कडेला वसलेलं लहानसं गाव. सोळाव्या शतकात तिथे जेमतेम तेहतीस कुटुंबं होती. क्रिस्टोफर ट्रिकी नावाचा पाद्री १५२० मध्ये तिथे आला, १५७४ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला आणि चर्चचा जमाखर्च स्वतःच्या हाताने लिहीत गेला. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ : चार राजवटी, दर राजवटीगणिक धर्माची उलटापालट, आणि अक्षर मात्र एकाच माणसाचं. हे हिशेब गावापुढे मोठ्याने वाचून दाखवले जात, त्यामुळे त्यांत आकड्यांबरोबर बोलणंही आलंय. ट्रिकी मध्येच रागावतो, खूश होतो, देणगीदारांची नावं कौतुकाने घेतो.

सुरुवातीच्या पानांवर चर्चचा पैसा एका पेटीत नाही. मेरीमातेचा निधी वेगळा, संत सिडवेलचा वेगळा, तरुण मुलांचा वेगळा, अविवाहित मुलींचा वेगळा, आणि प्रत्येकाचे कारभारी निवडलेले. निधी म्हणजे बऱ्याचदा मेंढ्या. संताच्या मालकीच्या मेंढ्या गावातली घरं सांभाळत, लोकर विकून मूर्तीपुढच्या मेणबत्तीचा खर्च निघे. कुणी मरताना मधमाश्यांचं पोळं ठेवून जाई. चर्चच्या जागेत बिअरची मेजवानी करून पैसे जमवत. गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीत नाव असलेल्या माणसाला यातलं राजकारण लगेच उमगतं, आणि मला वाटतं इथे आपल्याला तिकडच्या मुलांपेक्षा थोडा फायदाच आहे.

मग १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याचे हुकूम निघाले. मूर्तींपुढे मेणबत्त्या लावायच्या नाहीत, चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवायचं, बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंदवही ठेवायची. पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत संपतं. मोअरबाथच्या हिशेबात पाहा काय होतं : मुलींचा निधी मेणबत्तीसाठी होता. मेणबत्ती गेल्यावर निधीला काम उरलं नाही, आणि काम नाही म्हटल्यावर मुलींनी आपल्यातली कारभारी निवडायचं कारणही संपलं. धर्मशास्त्राच्या एका मुद्द्याने गावातल्या मुलींच्या हातातला सार्वजनिक कारभार काढून घेतला, आणि तसं करावं असं कुणाच्या मनातही नव्हतं. मला या विषयात धरून ठेवलं ते या पानांनी.

काळ्या वस्त्रांची गोष्टही अशीच. मृतांसाठीच्या प्रार्थनेत घालायची काळी वस्त्रं घेण्यासाठी ट्रिकी दोन दशकं पैसा पैसा जमवत होता. ती आली १५४७ मध्ये. त्याच वर्षी आठवा हेन्री वारला आणि वर्ष संपता संपता एडवर्डच्या सरकारने मृतांसाठीच्या प्रार्थनांवर चालणारी देवस्थानं बरखास्त करणारा कायदा केला. मेंढ्या विकल्या गेल्या. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं तेव्हा डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये बंड झालं; मोअरबाथचे पाच तरुण एक्सेटरबाहेरच्या बंडखोरांच्या छावणीकडे निघाले आणि त्यांना दिलेले पैसे या वहीत नोंदवलेले आहेत. पुढे कॅथलिक मेरी गादीवर आल्यावर लोकांनी घराघरांत दडवलेल्या वस्तू परत आणून दिल्या. एलिझाबेथच्या काळात ट्रिकी प्रॉटेस्टंट प्रार्थना म्हणत राहिला. पण आता हिशेबात मेंढ्यांऐवजी घरपट्टीसारखी आकारणी आहे आणि खर्चात सैनिकांची शस्त्रं आली आहेत. चर्चचा कारभारी हळूहळू सरकारचा माणूस झाला. माझ्या मते धर्मसुधारणेने गावाला दिलेला खरा धक्का हाच, बायबल वाचता येणं ही त्यानंतरची गोष्ट.

शहरांत चित्र वेगळं होतं, हे मान्य. ल्यूथरने १५२४ मध्ये नगरसभांना शाळा काढायला सांगितलं, त्याच वर्षी जर्मन भक्तिगीतांचे छापील संग्रह निघू लागले, आणि १५३४ मध्ये त्याचं संपूर्ण जर्मन बायबल आलं. यावर भरपूर लिहिलेलं आहे, ते वाचनालयात सापडेल.

जिनिव्हाबद्दल मात्र थोडं. तिथे १५४१ मध्ये कॅल्विन परतल्यावर कन्सिस्टरी नावाचं मंडळ उभं राहिलं. पाद्री आणि वडीलधारे दर गुरुवारी बसत आणि नवरा-बायकोची भांडणं, नाच, जुगार, लॅटिनमध्ये पुटपुटलेल्या जुन्या प्रार्थना यांची चौकशी करत. ऑगस्ट १५४६ मध्ये एका न्हाव्याने मुलाचं नाव क्लोद ठेवायला सांगितलं; त्या नावाच्या संताचं तीर्थस्थान जवळच होतं म्हणून पाद्र्याने बाप्तिस्मा देताना परस्पर अब्राहम ठेवून टाकलं. बाप पोराला घेऊन तरातरा निघून गेला. कन्सिस्टरीला नुसती नैतिक पोलीसगिरी म्हणणं सोपं आहे, पण नोंदी वाचताना दिसतं की मारझोड करणाऱ्या नवऱ्यालाही तिथे बोलावून झापत. दोन्ही बाजू तपासायची सवय इथेच लागते.

आता कामाच्या गोष्टी. मोअरबाथचे हिशेब १९०४ मध्ये छापले गेले आहेत, त्यामुळे सुरुवात पुण्यात किंवा नाशकात बसूनही होते. पण हस्तलिखित वाचता आलंच पाहिजे. सोळाव्या शतकातलं ‘सेक्रेटरी हँड’ हे वळण पहिल्या नजरेला मोडीइतकंच अगम्य दिसतं. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम करा, रोज थोडा. तारखा सांभाळा : तिकडे १७५२ पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारी १५४७ असं लिहिलेलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १५४८ असतं. आणि १५३८ पासूनच्या नोंदवह्या सगळीकडे मिळतील अशी आशा धरू नका. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून घ्यायचा आदेश निघाला, विशेषतः एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या. त्यामुळे बऱ्याच गावांनी १५५८ च्या आधीचं उतरवण्याचा त्रासच घेतला नाही.

भाषा लवकर सुरू करा. जर्मनीसाठी मॅक्स म्युलर भवन, जिनिव्हासाठी अलियान्स फ्रान्सेज. लॅटिन मी एका वृद्ध जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघातल्या, फादरांकडे शिकले. प्रॉटेस्टंटांसाठी शिकतेस आणि माझ्याकडून, असं म्हणून ते दर वेळी हसायचे. सेंट अँड्र्यूजला या विषयाची स्वतंत्र संस्था आहे, वोल्फेनब्यूटेलच्या हर्झोग ऑगस्ट ग्रंथालयात संशोधकांना शिष्यवृत्त्या मिळतात. नोकरीचं चित्र फार गुलाबी नाही. ज्यांना हस्तलिखित वाचता येतं त्यांना अभिलेखागारं आणि डिजिटायझेशनच्या कामांत शिरकाव मिळतो, नुसत्या सिद्धान्तावर नाही.

विषय शोधत असाल तर एक मोकळा सुचवते. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स साधारण १५४९ मध्ये, म्हणजे त्या प्रार्थनापुस्तकाच्याच सुमाराला, विल्टशरमध्ये जन्मले. प्रॉटेस्टंट झालेला देश सोडून ते रोमला गेले, १५७९ मध्ये गोव्याला पोहोचले आणि साष्टीत बसून त्यांनी मराठीत ओव्या रचल्या. त्यांच्या लहानपणीच्या विल्टशरमध्ये चर्चमधून काय काय गेलं, हे तिथल्या हिशेबांत शोधता येईल. इंग्रजी हस्तलिखित आणि जुनी मराठी दोन्ही वाचणारा माणूस त्याला लागेल, शिवाय पोर्तुगीज शिकावी लागेल.