घरातून बाहेर काय जातं ते बघा : नाशिककरांसाठी रोजच्या पर्यावरणपूरक सवयी

आपण नाशिककर गोदावरीच्या अगदी सुरुवातीला राहतो. ब्रह्मगिरीवर उगम आणि तिथून तीसेक किलोमीटरवर आपलं शहर, म्हणजे या नदीला भेटणारं पहिलं मोठं शहर आपणच, आणि आपल्यानंतर ती पुढे चौदाशे किलोमीटरपेक्षा जास्त वाहते, नांदूरमध्यमेश्वर, पैठण, नांदेड, मग तेलंगणा आणि आंध्र. आपण तिच्यात जे सोडू ते खालच्या सगळ्यांना मिळतं. मला वाटतं नाशकात राहणाऱ्या माणसाला पर्यावरणाचं एवढं एकच कारण पुरेसं आहे.

आता प्रश्न येतो सुरुवात कुठून करायची. सोलर बसवू, इलेक्ट्रिक गाडी घेऊ, हे सगळं चांगलंच आहे पण त्याला पैसे लागतात आणि ते ठरवण्यातच वर्ष जातं. त्यापेक्षा रोज घरातून बाहेर काय जातं ते बघायला लागा. कचरा जातो, सांडपाणी जातं, गाडीचा धूर जातो आणि आपण बटण दाबलं की लांब कुठेतरी कोळसा जळतो. या चार गोष्टी एकेक करून कमी करायच्या, सगळ्या एकदम नाही. एक सवय घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडली की मगच पुढची.

पहिलं काम : आठवडाभर नुसतं बघायचं

काही बदलू नका, फक्त डस्टबिन घंटागाडीत टाकायच्या आधी आत काय आहे ते बघा. बहुतेक घरात निम्म्याहून जास्त कचरा स्वयंपाकघरातला असतो, भाजीची देठं, कांद्याची सालं, चहाचा चोथा, उरलेली पोळी. उरलेल्यात दुधाच्या पिशव्या, चिप्स-बिस्किटांचे रॅपर आणि ऑनलाइन आलेल्या पार्सलचे खोके. शिजवलेलं अन्न रोज जात असेल तर आधी तेच थांबवा, कारण त्यात शेतकऱ्याचं पाणी, खत, गॅस, आपले कष्ट सगळंच वाया जातं. भात मोजून लावा, भाजी दोन-तीन दिवसांची आणा. आपल्याकडे दिंडोरी, निफाड, सिन्नरकडची ताजी भाजी रोज येते, गंगाघाटावर बुधवारचा बाजार भरतो, मग फ्रीजमध्ये पंधरा दिवसांची भरून ठेवायची गरजच काय.

दुसरं : ओल्या कचऱ्याचं खत, जरा सविस्तर

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो म्हणून इथे थोडं जास्त लिहितो. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकला की तो हवेशिवाय सडतो आणि त्यातून मिथेन निघतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा जवळपास २८ पट जास्त उष्णता धरून ठेवतो. तोच कचरा हवा लागेल अशा पद्धतीने कुजवला तर मिथेन जवळजवळ होतच नाही आणि वर खत मिळतं.

रंगाच्या २० लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या घ्या, झाकणासकट. नवीन काही विकत आणायची गरज नाही. तळाला आणि बाजूने चार-चार बोटांवर भोकं पाडा, तापवलेल्या खिळ्याने किंवा ड्रिलने, आणि खाली एक ताट ठेवा, थोडं पाणी सुटतं ते त्यात पडेल. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेल्या पाल्याचा चार बोटं जाड थर द्या. मग रोजचा ओला कचरा बारीक करून टाकायचा आणि जेवढा ओला कचरा तेवढाच सुका पाला वर पसरायचा. हा सुका पालाच खरी किल्ली आहे. लोक तोच टाकत नाहीत आणि मग वास आला म्हणून बंद करतात. पाला कुठून आणायचा हा प्रश्न नाशकात पडूच नये, जानेवारी ते मार्चमध्ये कॉलनीत, ग्राउंडवर, गंगापूर रोडला झाडांखाली ढीग पडलेले असतात आणि बऱ्याच ठिकाणी ते सरळ पेटवून देतात, ते पोत्यात भरून ठेवा, वर्षभर पुरतात. पाला जाळणाऱ्याला पण गोडीत सांगा की मला द्या म्हणून.

पहिल्यांदा थोडं आंबट ताक किंवा कोणाकडचं जुनं कंपोस्ट मूठभर टाकलं की लवकर सुरू होतं. तीन-चार दिवसांनी काठीने खालवर करायचं. मूठभर उचलून दाबून बघा, एखादा थेंब आला तर ओल बरोबर आहे, पाणी ठिबकलं तर पाला वाढवा, अगदीच कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका मारा. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. काळपट अळ्या झाल्या तरी त्या खतच करत असतात, फक्त झाकण नीट लावा. आंबूस किंवा कुजकट वास आला म्हणजे हवा कमी पडतेय, पाला घाला आणि हलवा, दोन दिवसात जातो.

काय टाकायचं नाही : तेलकट रस्सा, हाडं, दूध. आंब्याची कोय आणि नारळाची करवंटी लवकर कुजत नाही, ती वेगळी काढा. लिंबाची सालं थोडीच. कांद्या-लसणाची सालं, द्राक्षांचे देठ, अंड्याची टरफलं चुरून, देवाची फुलं, हे सगळं चालतं.

एक बादली भरली की ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करायची आणि पहिली अधूनमधून हलवत राहायची. पुढच्या महिना-दीड महिन्यात काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येणारं खत तयार होतं. थंडीत मात्र उशीर लागतो, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा चांगलाच उतरतो, तेव्हा बादली उन्हाच्या भिंतीला लावून ठेवा. खत चाळून घ्यायचं, एक भाग खत आणि दोन-तीन भाग माती असं कुंडीत, आणि चाळणीत राहिलेला जाडाभरडा माल परत बादलीत.

फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणणाऱ्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा, पार्किंगच्या कोपऱ्यात दोन मोठे ड्रम मावतात आणि माळीकाकांना खत मिळतं तर तेही मदत करतात.

सुका कचरा

घंटागाडीत ओला आणि सुका वेगळा द्या हे सगळ्यांना माहितीये. पण सुका कचरा खरकटा असेल तर तो पुढे कोणीच घेत नाही. दुधाची पिशवी घ्या उदाहरणाला. आपण कोपरा कात्रीने कापतो आणि तो इवलासा त्रिकोण सिंकमधून गटारीत नाहीतर रस्त्यावर जातो, तो कोणीही उचलू शकत नाही. त्याऐवजी कोपऱ्याला चीर द्या पण तुकडा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लटकू द्या. मग पिशवी उलटी करून धुवा, ते पाणी झाडाला घाला, पिशवी दोरीवर वाळवा आणि साठल्या की भंगारवाल्याला द्या, त्याचे पैसे पण येतात. चिप्सच्या रॅपरला प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते भंगारवाला घेत नाही, त्यामुळे तिथे उपाय एकच, कमी आणायचे.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल पेनाने खूण करा, फुटलेली काच पण तशीच कागदात बांधून वेगळी द्या. कचरा हाताने वेगळा करणारी माणसंच असतात, त्यांच्या हातांचा विचार करा. बॅटरी, ट्यूबलाइट, जुनी औषधं ओल्या-सुक्यात मिसळू नका. ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो.

पिशवी विसरायची नाही यासाठी

महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी २०१८ मध्ये आली, १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, ग्लास, स्ट्रॉ, प्लेटांवर पण आली. तरी भद्रकालीत चक्कर मारा, पातळ पिशवी मिळतेच. ती देणारे आहेत कारण आपण रिकाम्या हाताने जातो. एक कापडी पिशवी गाडीच्या डिकीत, एक ऑफिसच्या बॅगेत आणि एक दाराच्या खिळ्याला, आणि भाजी रिकामी केली की पिशवी लगेच परत जागेवर. भाजीवाल्या मावशींना आधीच सांगा, पिशवी नको, सरळ यात टाका. आणि ती कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी दुकानात मिळते ना, ती बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची म्हणजे प्लास्टिकचीच असते, दोरे सुटायला लागले की तिचे बारीक तुकडे होतात. जुन्या साडीची, चादरीची पिशवी शिवून घ्या.

मिसळ पार्सल आणायला स्टीलचा डबा न्या. गरम तर्री पातळ पिशवीत बांधून आणणं तब्येतीलाही बरं नाही. हॉटेलवाले नाही म्हणत नाहीत, उलट त्यांची पिशवी वाचते.

पाणी

आपलं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं. पाऊस लांबला की पाणीकपातीची चर्चा सुरू होते, जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की सगळं शहर बोलायला लागतं, पण टपकणारा नळ आपण महिनोन्महिने तसाच ठेवतो. त्याचा वायसर काही रुपयांत मिळतो, आजच बदला. बादलीने आंघोळ करा. आरओ असेल तर एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं, ती नळी बादलीत सोडा आणि ते पाणी फरशी पुसायला, संडासात वापरा. त्याआधी टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण मोजून घ्या, धरणाचं पाणी असेल आणि टीडीएस ५०० च्या बराच खाली असेल तर आरओची गरज नसतेच, साधा यूव्ही फिल्टर पुरतो.

स्वतःचं घर असेल तर पावसाळ्याआधी गच्चीचं पाणी बोअरला सोडायचं काम करून घ्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७० हजार लिटर पडतं, थोडं वाया गेलं तरी पन्नास हजार कुठे जात नाही. गाळणी मात्र लावाच आणि पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी बाहेर जाऊ द्या, गच्चीवरची घाण त्यात असते.

वीज आणि गाडी

एकलहऱ्याचं वीज केंद्र कोळशावर चालतं हे नाशकात सगळ्यांना माहिती आहे, पण आपल्या पंख्याचा आणि त्या धुराचा संबंध आपण लावत नाही. साधा सीलिंग फॅन ७५ वॉट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे सोळा युनिट वाचतात. आहे तो पंखा लगेच फेकू नका, बिघडला की घेताना तो घ्या. गीझर २००० वॉटचा असेल तर अर्ध्या तासाला एक युनिट, म्हणून आंघोळी एकामागोमाग उरका. एसी २४ वर ठेवून पंखा सोबत लावा. डाळ, छोले भिजवून कुकर लावला तर गॅस खूप वाचतो. छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तला ७८ हजार रुपये अनुदान आहे.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. किराणा, दूध, क्लास, जिम, एक-दीड किलोमीटरची कामं चालत किंवा सायकलवर करा, सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस ठरवा. नाशिकरोडला किंवा सातपूरला रोज जाणाऱ्यांनी सिटीलिंक या शहर बससेवेचा रूट एकदा बघा, २०२१ पासून चालू आहे आणि त्यात सीएनजीच्या बस भरपूर आहेत. द्वारकेला, मुंबई नाक्याला सिग्नल लांब असतो, तिथे गाडी बंद करायला एक बटण लागतं.

सणवार

नाशकात हा भाग टाळून चालणार नाही. रामकुंडापासून खाली नदीत जे जातं ते पुढे नांदूरमध्यमेश्वरला जाऊन साचतं, आणि ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, थंडीत हजारो पक्षी तिथे उतरतात. निर्माल्य घरच्याच खताच्या बादलीत टाका, त्याहून चांगली जागा नाही. संक्रांतीला मुलांना नायलॉन मांजा घेऊन देऊ नका, त्यावर बंदी आहे आणि पक्षी आणि दुचाकीवाले दोघांचे गळे कापतात, साधा सुती दोरा भरपूर झाला.

गणपती शाडूचा आणा आणि घरीच बादलीत विसर्जन करा, माती कुंडीला जाते. पीओपीची मूर्ती आलीच असेल तर नदीत सोडू नका, मूर्ती संकलन केंद्रावर द्या किंवा अमोनियम बायकार्बोनेटची पावडर आणा, महापालिकेने पण ती वाटलेली आहे. वस्त्रं, हार, दागिने काढून घ्या, मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी टबमध्ये घ्या, मूर्तीच्या वजनाइतकी पावडर त्यात विरघळवा आणि मूर्ती ठेवा. अमोनियाचा उग्र वास येतो म्हणून हे गच्चीवर किंवा अंगणात करा, मुलांना लांब ठेवा, आणि दोन-तीन तासांनी ढवळत राहा. मूर्ती लहान असेल तर साधारण दोन दिवसात विरघळते. खाली पांढरा गाळ बसतो तो कॅल्शियम कार्बोनेट, आणि वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, ते भरपूर साधं पाणी मिसळून झाडांना खत म्हणून घालता येतं, रोज थोडंथोडं आणि एकाच कुंडीत सगळं नाही.