एनएचएल ड्राफ्टमध्ये 'आपल्याला कोण कमी आहे' बघून पिक करताय? या चुका टाळा

जून आला की इकडे टोरोंटोला आम्ही पाच-सहा मराठी मंडळी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमून मॉक ड्राफ्ट करतो आणि दरवर्षी वाद तोच, की उरलेल्यांतला सगळ्यात भारी प्लेअर उचलायचा का टीममध्ये जी जागा रिकामी आहे त्या जागेचा घ्यायचा. (आइस हॉकीबद्दल बोलतोय बरं का. एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडाची मोठी हॉकी लीग, ड्राफ्ट म्हणजे टीम्स पाळीपाळीनं नवीन तरुण प्लेअर निवडतात ते, एकेक निवड म्हणजे पिक, आणि मॉक ड्राफ्ट ही त्याची घरगुती नक्कल.) माझं मत पक्कं आहे, पहिल्या राउंडला तरी भारी प्लेअरच घ्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आजची टीम बघून पिक करणं. अहो ज्याला घेताय तो १८ वर्षांचा पोरगा आहे, एक-दोन सोडले तर बाकीच्यांना एनएचएलमध्ये यायलाच दोन-तीन वर्षं लागतात, डिफेन्समनला तर बऱ्याचदा त्याहून जास्त. तोपर्यंत आज जे भोक दिसतंय ते बुजलेलं असतं आणि दुसरीकडेच पडलेलं असतं.

२०१३ चं कोलोरॅडो आठवा. पहिला पिक त्यांचा, डिफेन्स अगदी पडका, आणि सेंटरला (मधल्या आक्रमकाच्या जागी) डुशेन, स्टॅस्टनी, ओ'रायली असे तिघं आधीच होते. समोर सेथ जोन्स, उंचपुरा डिफेन्समन, सेंट्रल स्काऊटिंगच्या (लीगच्या प्लेअर पारखणाऱ्या विभागाच्या) उत्तर अमेरिकेच्या लिस्टमध्ये नंबर एक, आणि लहानपणी काही वर्षं टीमच्या गावी, डेन्व्हरलाच राहिलेला. म्हणजे गरज पण तीच आणि गावचा पोरगा पण तोच. तरी टीम चालवणारा सॅकिक आणि कोच रॉय यांनी नेथन मॅकिनन घेतला, चौथा सेंटर! तेव्हा अनेकांना ते पटलं नव्हतं. आणि लगेच सगळं गोड झालं असंही नाही, २०१६-१७ ला हीच टीम ४८ पॉइंट घेऊन लीगमध्ये तळाला होती. पण त्याच उन्हाळ्यात चौथ्या नंबरवर त्यांना केल मकार मिळाला, डिफेन्सचं भोक असं चार वर्षांनी बुजलं आणि २०२२ ला स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, घरी आला. मॅकिननसारखा सेंटर मात्र त्यांना मागाहून कुठून मिळाला असता सांगा.

दुसरी चूक, 'आपल्याकडे या जागेवर आधीच चार जण आहेत, पाचवा वाया जाईल' हा विचार. त्याच ड्राफ्टमध्ये जोन्स घसरत चौथ्या नंबरवर नॅशव्हिलकडे आला. त्यांच्याकडे वेबर, योसी, एलिस, एकहोम, म्हणजे डिफेन्सची नुसती रेलचेल, तरी घेतलाच त्यांनी. जानेवारी २०१६ मध्ये त्याच जोन्सच्या बदल्यात कोलंबसकडून रायन जोहान्सन आणला, एकास एक, जो सेंटर त्यांना कित्येक वर्षं हवा होता तोच, आणि २०१७ ला टीम फायनलला पोचली. भारी प्लेअर जास्तीचा झाला तरी पडून राहत नाही, बाजारात त्याला किंमत असते. गरजेपोटी घेतलेला मध्यम प्लेअर मात्र चालला नाही तर बदल्यात काही मिळत नाही.

उलट उदाहरण मॉन्ट्रियलचं. २०१८ ला तिसरा पिक, सेंटरचा दुष्काळ जुनाच, म्हणून कोटकानिएमी घेतला. लगेच पुढच्या पिकला ओटावानं ब्रेडी कचक घेतला जो आता त्यांचा कॅप्टन आहे, आणि सातव्या नंबरवर क्विन ह्यूज व्हँकुव्हरला गेला, ज्याला २०२४ ला बेस्ट डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मिळाली. कोटकानिएमी २०२१ ला कॅरोलायनाच्या ऑफर शीटवर (दुसऱ्या टीमनं थेट प्लेअरला दिलेल्या करारावर) निघून गेला आणि सेंटरची जागा परत रिकामी झाली.

आता माझ्या बाजूच्या लोकांची चूक पण सांगतो, ती म्हणजे रँकिंगला देवाची अक्षरं समजणं. २०१२ ला एडमंटननं आधीच्या दोन वर्षांच्या हॉल आणि न्यूजंट-हॉपकिन्सनंतर पहिल्या पिकला परत फॉरवर्डच (आक्रमक प्लेअर) घेतला, याकुपोव्ह, कारण बहुतेक लिस्टवर तोच वर होता. पहिल्या दहात त्या वर्षी आठ डिफेन्समन गेले, रायली, लिंडहोम, ट्रूबा त्यातलेच, आणि याकुपोव्ह काही चालला नाही. म्हणून मी लिस्टवर नंबर टाकतच नाही, पेन्सिलनं आडव्या रेघा मारतो. जिथे खरोखर दर्जा उतरतो तिथे रेघ. एका रेघेच्या आत तीन नावं उरली असतील तर खुशाल गरज बघा, राइट शॉट (उजवीकडून शॉट मारणारा) डिफेन्स नाही ना, मग घ्या तो. रेघ ओलांडून खाली मात्र जाऊ नका, टीमला कितीही गरज असू दे.

आणि गोलीसाठी (गोलकीपरसाठी) तर वरचा पिक जाळूच नका. २००० ला आयलँडर्सनी डिपिएत्रो पहिल्या नंबरवर घेतला आणि त्यासाठी लुआँगोसारखा गोली हातचा सोडला, हीटली आणि गॅबोरिक पुढच्या दोन पिकला गेले. त्याच ड्राफ्टमध्ये हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ व्या नंबरवर रेंजर्सना मिळाला.