अ‍ॅलर्जीची गोळी घेताना या चुका टाळा

फेब्रुवारीत सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगात आले, की माझ्या मेडिकलच्या काउंटरवर शिंकांची रांग लागते. हमाल, तोलाईदार, पोती शिवणाऱ्या बायका, शिवाय उसाच्या पाचटात राबून अंगभर खाज घेऊन आलेली माणसं. बहुतेकांचं मागणं एकच असतं, “ती अ‍ॅलर्जीची गोळी द्या, मागच्या वेळची.” मागच्या वेळची म्हणजे कुठली, ते त्यांना सांगता येत नाही. पिवळी होती, छोटी होती, एवढंच आठवतं. बावीस वर्षं त्याच त्या चुका बघतोय, म्हणून आज लिहायला बसलो.

पहिली चूक शब्दातच आहे. आपल्याकडे छातीत जळजळ झाली तरी पित्त, आणि अंगावर लाल गांधी उठल्या तरी पित्तच. जळजळीला आम्ल कमी करणारी गोळी लागते, गांधींना अँटीहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीची खाज-शिंका थांबवणारं औषध. घरातलं माणूस नातवाला पिटाळतं, “जा, पित्ताची गोळी आण,” आणि पोरगं कुठल्या तरी दुकानातून अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल घेऊन जातं. एक आजी चार दिवस पहाटे अनशापोटी ती कॅप्सूल घेत होत्या आणि रात्रभर दंड खाजवत होत्या. माझ्याकडे आल्या तेव्हा नखांचे ओरखडे कोपरापर्यंत गेले होते. तेव्हापासून ‘पित्त’ हा शब्द कानावर आला की मी आधी विचारतो, “जळजळ की खाज?” तुम्हीही दुकानात जाताना ‘पित्त’ म्हणू नका, काय होतंय ते सांगा.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त छळते: एकच औषध दोन नावांनी पोटात जाणं.

तासगावचा एक टेम्पोवाला. द्राक्षाच्या हंगामात माल भरून रात्री मुंबईला निघायचा. नाक गळायचं म्हणून डॉक्टरांनी लेव्होसेटिरिझिन हे अँटीहिस्टामिन आणि मॉन्टेलुकास्ट हे अ‍ॅलर्जीचं दुसऱ्या जातीचं औषध एकत्र असलेली गोळी दिली होती, रात्री एक. त्यानं ती घेतली. नाक थांबलं नाही म्हणून तासाभरात टपरीवरून सर्दीची गोळी घेतली. तिच्यात क्लोरफेनिरामिन, म्हणजे तेही अँटीहिस्टामिन, आणि ते जुन्या, झोप आणणाऱ्या पिढीतलं. वर खोकल्याचं औषध दोन झाकणं, त्यातही क्लोरफेनिरामिन. पेठ नाक्यावर चहा घेतला, कराड मागे पडलं, आणि उंब्रजच्या अलीकडे त्याचा डोळा लागला. टेम्पो दुभाजकाला घासत गेला. माणूस वाचला, क्रेट रस्ताभर पसरले. आठवड्यानं हाताला पट्टी बांधून दुकानात आला आणि खिशातून ती दोन पाकिटं आणि बाटली काढून काउंटरवर ठेवली. “यातलं कुठलं वाईट होतं?” असं विचारत होता. एकही वाईट नव्हतं. तिन्ही एकाच रात्री घेतली, ते वाईट.

पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं दिलेलं नाव. औषधाचं खरं नाव बारीक अक्षरात असतं. ते वाचा, नाही दिसलं तर आमच्याकडून वाचून घ्या, त्याचे पैसे पडत नाहीत. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन, क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्झिझिन ही सगळी एकाच कुळातली. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर यातलं एका वेळी एकच. माझी सवय अशी: पट्टी कापून द्यायची असेल तर नाव आणि मुदतीची तारीख गिऱ्हाइकाकडच्या तुकड्यावर राहील अशी कापतो, आणि मागच्या चांदीवर मार्करनं ‘रात्री १’ लिहितो. घरी नेलेला तुकडा बिननावाचा असेल तर तो फेकून द्या. अंदाजानं गिळू नका.

नवी औषधं कमी झोप आणतात, पण ‘कमी’ म्हणजे ‘अजिबात नाही’ असं नव्हे. लेव्होसेटिरिझिननंही काहींना दुसऱ्या दिवशी जड वाटतं. नवीन गोळी सुरू केली की पहिले दोन-तीन दिवस मोटारसायकल, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी यांच्यापासून लांब राहा. दारू तर नकोच. जुन्या पिढीची औषधं, म्हणजे क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्झिझिन, म्हाताऱ्या माणसांना स्वतःहून देऊ नका. प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडते, काचबिंदूचा एक प्रकार बळावतो, आणि रात्री उठताना तोल जातो.

घाई करणाऱ्यांशी माझं रोज वाजतं. सकाळी एक घेतली, दुपारी फरक नाही, म्हणून दुसरी. खाज आणि शिंकांवर ही गोळी साधारण तासाभरात काम करते, पण चोंदलेल्या नाकावर तिचा जोर फार चालत नाही. त्यासाठी डॉक्टर नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे देतात, त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत तो बंद करून “उपयोग नाही” म्हणणाऱ्यांना मी पुन्हा डॉक्टरांकडेच पाठवतो. जुनाट गांधींमध्ये तज्ज्ञ डॉक्टर नव्या पिढीच्या औषधाचा डोस चौपटीपर्यंत वाढवतात, हे खरं आहे. ते रुग्ण बघून, किडनी बघून वाढवतात. शेजारणीला चार दिल्या म्हणून आपणही चार घ्याव्यात, असा त्याचा अर्थ नाही.

किडनीचा आजार असेल तर सेटिरिझिन-लेव्होसेटिरिझिनचा डोस कमी करावा लागतो. डॉक्टरांना आधीच सांगा. गरोदर बाईनंही विचारल्याशिवाय घेऊ नये.

फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबर घ्या. सफरचंद, संत्रं, ग्रेपफ्रूट यांच्या रसाबरोबर ते अंगात कमी शोषलं जातं. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे, हे तासगावकरांना दरवर्षी सांगावं लागतं. ते लिंबाच्या कुळातलं फळ आहे. फेक्सोफेनाडिन अ‍ॅसिडिटीच्या पांढऱ्या पातळ औषधाबरोबरही नको, मध्ये दोन तास जाऊ द्या. बिलास्टिन रिकाम्या पोटी, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी.

चार वर्षांखालच्या मुलाला क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) एकत्र असलेलं सर्दीचं औषध देऊ नका. २०२३ च्या डिसेंबरात केंद्रीय औषध नियंत्रकांनी तसा इशारा छापायला लावला आहे. डोस बाटलीबरोबरच्या मापानंच, घरातल्या चमच्यानं नाही.

मॉन्टेलुकास्टवाली गोळी सुरू असताना वाईट स्वप्नं पडायला लागली, चिडचिड किंवा उदासी वाढली, तर लगेच डॉक्टरांना सांगा. अमेरिकेत २०२० पासून त्याच्यावर सगळ्यात कडक इशारा आहे. सेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेतलं असेल आणि अचानक थांबवलं, तर काहींना काही दिवसांत भयंकर खाज सुटते. हा इशारा तिथे २०२५ मध्ये आला. म्हणून वर्षभर परस्पर चालू ठेवायचं नाही, आणि परस्पर बंदही करायचं नाही. त्वचेवरची अ‍ॅलर्जी टेस्ट करायची असेल तर मात्र बहुतेक गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, डॉक्टरांना विचारून. कवठेमहांकाळहून एक बाई पहाटेची एसटी धरून मिरजेला टेस्टला गेली, आदल्या रात्रीची गोळी सांगितली आणि टेस्ट न होताच परत आली. गेलेला दिवस, बुडालेला रोज.

आणि ही शेवटची चूक गोळीनं सुधारत नाही. मधमाशी चावल्यावर किंवा काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, चक्कर आली, तर गोळी देऊन वाट बघत बसू नका. तिथे अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, तेही मांडीत, आणि लवकरात लवकर. माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उठवून चालवू नका. आणि १०८ ला फोन लावा. दुकानात गोळी मागायला आलेल्या नातेवाइकाला मी अशा वेळी गोळी देत नाही, आधी फोन लावायला लावतो.