चकली किती, चिवडा किती? फराळाचा हिशोब लिनिअर प्रोग्रॅमिंगने

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या घरगुती फराळ केंद्राचा दिवाळीतला एक दिवस धरा. कामाला दोघीजणी, प्रत्येकी आठ तास, म्हणजे हाताची ९६० मिनिटं. तळणीची कढई एकच, तिची ४८० मिनिटं. किलोभर चकलीला भाजणी मळण्यापासून पाकीट बंद करेपर्यंत हाताची ४० आणि कढईची १५ मिनिटं जातात. दगडी पोह्यांच्या तळलेल्या चिवड्याला १६ आणि १०. किलोमागे चकलीचे १४० रुपये सुटतात, चिवड्याचे ८०. हे आकडे नमुन्याचे आहेत, स्वतःचे घड्याळ लावून काढा.

‘सुटतात’ इथेच बहुतेकांचा हिशोब फसतो. भाजणी, पोहे, तेल, गॅस, पिशवी हे वजा करायचं. दोघींचा ठरलेला रोज आणि गाळ्याचं भाडं नाही. माल कितीही करा, ते द्यावंच लागतं.

आता लिनिअर प्रोग्रॅमिंग, म्हणजे मर्यादा आणि नफा साध्या समीकरणांत मांडून सर्वांत जास्त नफ्याचं प्रमाण शोधणं. चकली क्ष किलो, चिवडा य किलो:

४०क्ष + १६य ≤ ९६०
१५क्ष + १०य ≤ ४८०
क्ष, य ≥ ०
नफा = १४०क्ष + ८०य

आलेखावर दोन्ही रेषा काढा आणि दोन्ही मर्यादांत बसणाऱ्या भागाचे फक्त कोपरे तपासा, सर्वांत जास्त नफा तिथेच सापडतो. नुसती चकली: २४ किलो, ३,३६० रुपये, आणि कढई दोन तास रिकामी. नुसता चिवडा: ४८ किलो, ३,८४०. रेषा छेदतात तिथे १२ किलो चकली, ३० किलो चिवडा, ४,०८० रुपये. हेच उत्तर.

लाडू, शंकरपाळे आले की कागद पुरत नाही. एक्सेलमध्ये सॉल्व्हर (असा हिशोब सोडवणारं जोडसाधन) हे अ‍ॅड-इन चालू करा, पद्धत ‘सिम्प्लेक्स एलपी’ निवडा (मूळ पद्धत जॉर्ज डँटझिग यांची, १९४७ची) आणि ऋण उत्तरं नकोत ही खूण विसरू नका.

उत्तराबरोबर सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (आकडे बदलले तर उत्तर कसं बदलेल ते) घ्याच. त्यातली शॅडो प्राइस, म्हणजे एक मिनिट जादा मिळालं तर नफा किती वाढेल तो आकडा, सांगते: हाताचं मिनिट सव्वा रुपयाचं, कढईचं सहा रुपयांचं. म्हणजे तासभर जादा माणूस ७५ रुपये मिळवून देतो, तासभर दुसरी कढई ३६०. पण कढईचे एकूण दहा तास झाले की चकली शून्यावर येते आणि पुढच्या तासाला किंमत उरत नाही.

चिवडा ८०वरच राहिला तर चकलीचा नफा १२० ते २०० दरम्यान असेपर्यंत १२-३० हेच प्रमाण ठेवा. १२०च्या खाली चकली परवडत नाही.

१५ किलो चकलीची ऑर्डर आधीच घेतली असेल तर क्ष ≥ १५ घाला. नफा ३,९०० वर येतो, म्हणजे शब्द पाळायला १८० रुपये पडले. २५ किलो कबूल केली असेल, तर सॉल्व्हर उत्तरच देणार नाही. दोष त्याचा नाही. दोघींच्या हातून दिवसाला २४च होतात.