गाजलेला डाव लावून बघताना या चुका टाळा

खानदेशातली बरीच मुलं आता बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळतात. मात्र मोठ्या खेळाडूंचा डाव मोबाइलवर बोटाने भराभर सरकवला की अभ्यास झाला, असं समजतात. असा डाव डोक्यात राहत नाही. पट मांडा, मोहरे हाताने हलवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला दुपारी बाहेर पडवत नाही. ती वेळ यासाठी फार छान.

लेवॉन आरोनियन विरुद्ध विश्वनाथन आनंद, विक आन झी (नेदरलँड्समधली स्पर्धा), २०१३ हा डाव घ्या. आनंद काळ्याकडून २३ चालींत जिंकला, तेव्हा पट काळ्याच्या बाजूने ठेवा.

ओपनिंग (डावाची सुरुवात) सेमी-स्लाव नावाच्या पद्धतीतला मेरान हा प्रकार. चाली नुसत्या पाठ करणं ही पहिली चूक. काळा बी-प्यादं पुढे टाकून उंटाला हुसकावतो, आपला उंट बी-७ वर आणतो आणि मग सी-५ करतो. का? त्या उंटाचा कर्ण उघडावा म्हणून. हे कळलं तर प्रतिस्पर्ध्याने वेगळी चाल केली तरी तुम्ही गोंधळणार नाही.

सोळाव्या चालीला पट हमखास चुकतो. काळ्याचा घोडा ई-५ वर जातो, पण तिथे जाऊ शकणारे घोडे दोन: डी-७ चा आणि जी-४ चा. घोडा कोणत्या उभ्या रांगेतून आला हे सांगणारं, नोंदीतलं ‘डी’ अक्षर नजरेतून सुटलं की जी-४ चा उचलला जातो, आणि पुढच्याच चालीला पांढऱ्याचा उंट रिकाम्या घरावर मारायला येतो. असं झालं तर पुढे रेटू नका, मागे या. या अक्षरातच सगळी गंमत आहे. डी-७ चा घोडा हलल्याने काळ्या वजिराची फाइल (उभी रांग) मोकळी होते. पांढऱ्याने प्याद्याने ई-५ चा घोडा मारला, तर वजीर डी-४ ला प्यादं मारून शह देतो. राजा कोपऱ्यात गेला की वजीर जी-१ वर बळी, हत्तीला मारावंच लागतं, आणि घोडा एफ-२ वर मात!

इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम, पहिल्या चालीपासून चालू ठेवू नका. एकोणिसाव्या चालीला पांढऱ्या घोड्याने हत्ती मारला, तिथे थांबून आपली चाल वहीत लिहा. आनंदने तो घोडा लगेच मारलाच नाही. एफ-प्यादं दोन घरं टाकून पांढऱ्या वजिराचा एच-७ चा रस्ता बंद केला. इंजिन त्यानंतर लावा.

शेवटी काळ्याचा उंट ई-३, आणि आरोनियनने डाव सोडला. इथे पट आवरणं ही सर्वांत मोठी चूक. जी-२ चं प्यादं बी-७ च्या उंटामुळे पिन झालंय, म्हणजे मागे राजा असल्याने हलू शकत नाही. पांढरा वजीर तिसऱ्या रांगेतून एच-३ राखत होता, ती वाटही आता तुटली. ई-३ चा उंट पांढऱ्या वजिराने मारला तर काय, उंटाने मारला तर काय, दोन्ही खेळून बघा.