बर्फ ते वाफ: आलेखातली सपाट रेष हरवत असेल तर या चुका टाळा

दहावीच्या 'उष्णता' या धड्यातला हा प्रयोग कागदावर अगदी साधा दिसतो. भांड्यात बर्फ घ्या, तापमापी धरा, खालून उष्णता द्या, ठरावीक वेळाने नोंद करा आणि आलेख काढा. पुस्तकातल्या आलेखात ० अंशावर एक आडवी रेष, मग चढ, मग १०० अंशांवर दुसरी आडवी रेष. प्रयोगशाळेत मात्र पुष्कळ गटांच्या वहीत पहिली आडवी रेष उमटतच नाही. तापमापी १ दाखवते, मग ३, मग ६, आणि बर्फ अजून वर तरंगतोच आहे. शेवटी कुणीतरी शेजारच्या वहीत डोकावतं आणि सगळा गट मुकाट्याने ० लिहून मोकळा होतो.

असं होऊ देऊ नका. या धड्याचा गाभाच त्या आडव्या रेषेत आहे. आच चालू आहे, उष्णता भांड्यात जाते आहे आणि तापमान जागचं हलत नाही. ती उष्णता बर्फाच्या कणांची घट्ट बांधणी सोडवण्यात खर्च होते, कणांचा वेग वाढवण्यात नाही. म्हणून ती तापमापीला दिसत नाही आणि म्हणूनच तिला अप्रकट उष्मा म्हणतात. हे मुलांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की व्याख्या घोकावी लागत नाही. रेष येत नसेल तर दोष बहुतेक वेळा प्रयोग करण्याच्या पद्धतीत असतो आणि तो दुरुस्त करता येतो.

न ढवळणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. बर्फ वर तरंगतो, आच खाली असते आणि तापमापीचा फुगा या दोघांच्या मध्ये किंवा तळाशी असतो. मुलांना वाटतं, खालचं पाणी तापलं की ते आपोआप वर जाणार, अभिसरण होणार आणि सगळीकडे तापमान सारखं होणार. एरवी हे बरोबर आहे. पण बर्फाच्या पाण्यात ते चालत नाही, आणि याचं कारण त्याच धड्यात दोन पानं पुढे-मागे दिलेलं असतं: पाण्याचं असंगत आचरण.

पाण्याची घनता ४ अंशांना सगळ्यात जास्त असते. ० अंशाचं पाणी तळाशी तापून २, ३, ४ अंशांवर आलं की ते हलकं होण्याऐवजी जड होतं आणि तळालाच बसून राहतं. पुढे ४ च्या वर गेल्यावर घनता कमी व्हायला लागते खरी, पण ० अंशाच्या पाण्याइतकी घनता व्हायला साधारण ८ अंश गाठावे लागतात. तोवर तळाच्या पाण्याला वर यायचं कारणच नसतं. म्हणजे वर ० अंशाचा बर्फ, खाली ५-६ अंशांचं पाणी, आणि दोघांची नीट गाठ पडत नाही. तापमापी ६ दाखवते ती खोटं बोलत नाही. ती जिथे बुडवली आहे तिथलं तापमान सांगते.

उपाय सोपा आहे. काचेच्या कांडीने हळूहळू, पण न थांबता ढवळत राहा. एकाने ढवळायचं, एकाने वाचायचं, एकाने लिहायचं. तापमापीनेच ढवळू नका, फुग्याची काच पातळ असते. शेवटचा खडा वितळेपर्यंत ढवळणं सोडू नका. रेष बहुतेक वेळा शेवटच्या दोन-तीन मिनिटांत बिघडते. उरलेला बर्फ थोडा असतो, सगळ्यांना वाटतं झालंच आता, आणि हात थांबतो.

मोठी आच आणि तासिकेची घाई

तासिका ३५-४० मिनिटांची, म्हणून बर्नर पूर्ण सोडला जातो. बर्फ वितळायच्या वेगापेक्षा खालून येणारी उष्णता जास्त झाली की पाणी तापायला लागतं, कितीही ढवळलं तरी. आच मंद ठेवा, तिवईवर जाळी ठेवा, आणि वेळ पुरत नसेल तर बर्फ कमी घ्या. आच वाढवू नका.

किती वेळ लागेल याचा अंदाज आधीच मांडता येतो, आणि हे गणित प्रयोगाआधी फळ्यावर करायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. बर्फ ० अंशालाच वितळवायला ग्रॅममागे ८० कॅलरी लागतात. तेच पाणी ० वरून १०० पर्यंत न्यायला १०० कॅलरी. आणि १०० अंशांचं पाणी वाफेत बदलायला ५४० कॅलरी. २०० ग्रॅम बर्फ घेतला तर हे आकडे होतात १६ हजार, २० हजार आणि १ लाख ८ हजार. म्हणजे एकसारख्या आचेवर वितळायला ८ मिनिटं लागली, तर उकळी फुटायला आणखी १० आणि सगळं पाणी उडून जायला जवळपास ५४ मिनिटं. प्रत्यक्षात गरम भांडं हवेला उष्णता देत राहतं, त्यामुळे पुढचे टप्पे याहूनही लांबतात. ५० ते ६० ग्रॅम बर्फ घेतलात तर पहिली आडवी रेष, चढ आणि दुसऱ्या रेषेची सुरुवात एका तासिकेत बसते. भांडं कोरडं होईपर्यंत उकळायची गरज नाही, आणि तसं करूही नका, बीकर तडकतो.

बर्नर नसलेल्या शाळांनीही हा प्रयोग सोडू नये. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला अप्रकट उष्म्याचा जो प्रयोग केला, त्यात विस्तव नव्हताच. एका भांड्यात बर्फ आणि दुसऱ्यात तेवढंच, गोठायच्या बेतात असलेलं ३३ अंश फॅरनहाइटचं पाणी घेऊन त्यांनी दोन्ही भांडी एकाच मोठ्या दालनात ठेवली. पाणी अर्ध्या तासात ४० अंशांवर आलं. बर्फाच्या भांड्याला त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले. दालनातली ऊब दोघांना सारखीच मिळत होती, मग बर्फाला मिळालेली एवढी उष्णता गेली कुठे, या प्रश्नातून अप्रकट उष्म्याची कल्पना पुढे आली. आपल्याकडच्या हवेत एवढा वेळ लागत नाही. सकाळी परिपाठाच्या वेळी दोन पेले मांडून ठेवले आणि तासातासाने नोंद घेतली तरी फरक स्वच्छ दिसतो.

बर्फ आणि तापमापी

फ्रीजरमधून काढलेला बर्फ उणे १५-१८ अंशांना असतो, आणि शाळेतल्या तापमापीची मोजणी बहुधा उणे १० पासून सुरू होते. शिवाय मोठ्या खड्यांच्या मध्ये फुगा धरला तर तो बर्फाचं नाही, फटीतल्या हवेचं तापमान मोजतो. म्हणून बर्फ फडक्यात गुंडाळून बारीक कुटा, थोडा वेळ बाहेर राहू द्या, कडेने पाणी सुटलं की मगच सुरुवात करा. मासळी किंवा कुल्फीसाठी आणलेला बर्फ घेत असाल तर त्याला मीठ लागलेलं नाही ना, हे बघा. मीठ मिसळलं की बर्फाचं तापमान ० च्या खाली जातं, मीठ भरपूर असेल तर अगदी उणे २१ च्या आसपास. कुल्फी गोठते ती याच जोरावर, पण आपल्या आलेखाचा त्याने विचका होतो.

तापमापी आधी तपासून घ्या. कुटलेला बर्फ आणि थोडं शुद्ध पाणी यांच्या लगद्यात ती ० दाखवायला हवी. अर्धा-एक अंश चूक असेल तर वहीच्या वर तशी नोंद करा आणि प्रत्येक वाचनात तेवढी दुरुस्ती करा. फुगा तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, स्टँडला बांधा. घरी प्रयोग करणाऱ्यांनी ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर गरम पाण्यात कधीही घालू नये. त्याची मोजणी ४२-४३ अंशांपर्यंतच असते, तो फुटतो आणि पारा सांडतो. पाऱ्याची वाफ विषारी असते, त्यामुळे मुलांच्या हाती लाल द्रवाचीच तापमापी द्या.

१०० च आलं पाहिजे हा हट्ट

पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला ९५-९६ वरच उकळी येते. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाण्याच्या कणांना बाहेर पडायला कमी तापमान पुरतं; ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश कमी. समुद्रकाठी मुंबई, रत्नागिरीत ते १०० च्या जवळ जाईल. पुण्याच्या विद्यार्थ्याने ९८ लिहिलं आणि त्यावर लाल फुली बसली, तर फुली मारणाऱ्याची चूक आहे. अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये आपली मापनश्रेणी मांडली, तेव्हाच उत्कलनांक, म्हणजे उकळी येण्याचं तापमान, हवेच्या दाबावर अवलंबून असतो हे लिहून ठेवलं होतं.

उलट तापमापी १०० च्या वर गेली तर दोन गोष्टी बघा. एक, फुगा तळाला टेकलाय का. दोन, पाणी शांत राहून मधूनच उसळतंय का. अगदी स्वच्छ, गुळगुळीत काचेत बुडबुडा धरायला जागा मिळत नाही, पाणी उत्कलनांकाच्या थोडं वर तापतं आणि मग एकदम उसळी मारतं. यासाठी तापवायला लागण्यापूर्वीच फुटक्या कुंडीचे, बिनझिलईच्या मातीचे दोन-तीन छोटे तुकडे पाण्यात टाका. तापलेल्या पाण्यात मात्र ते टाकू नका, पाणी अंगावर येईल.

उकळी कोणती आणि वाफ कुठली

साधारण ५०-६० अंशांपासून भांड्याच्या आत बारीक बुडबुडे दिसतात आणि मुलं "उकळलं!" म्हणून ओरडतात. ती पाण्यात विरघळलेली हवा असते. खऱ्या उकळीचे बुडबुडे मोठे असतात, तळापासून उठतात आणि पृष्ठभागावर येऊन फुटतात. त्यांत पाण्याची वाफ असते, हवा नाही. त्याआधी काही काळ ते वर येता येता गार पाण्यात विरून जातात आणि भांडं गुणगुणायला लागतं. चहाचं आधण ठेवलं की तोच आवाज येतो. आवाज थांबला की उकळी फुटली. हे क्षण वहीत वेळेसकट टिपा, आकड्यांइतकंच त्यांना मोल आहे.

किटलीच्या तोटीतून निघणारा पांढरा लोट म्हणजे वाफ, असं जवळजवळ सगळेच लिहितात. नीट बघा: तोटीच्या अगदी तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते. खरी वाफ तिथे आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. पांढरं दिसतं ते वाफ गार होऊन बनलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. ही रिकामी जागा हात लावून तपासायची नाही. एक ग्रॅम उकळतं पाणी त्वचेवर पडून अंगाच्या तापमानाला येताना सुमारे ६३ कॅलरी देतं. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होताना ५४० आणि मग वरच्या ६३, म्हणजे सहाशेच्या वर. कुकरचं झाकण किंवा इडलीपात्र उघडताना तोंड लांब ठेवायचं ते एवढ्याचसाठी.

दुसरी आडवी रेष स्वयंपाकघरातही कामाला येते. आमटीला एकदा उकळी आली की गॅस मोठा ठेवून डाळ लवकर शिजत नाही. तापमान तेच राहतं, फक्त पाणी जास्त वेगाने उडतं आणि सिलिंडर लवकर संपतो.

बर्फाऐवजी मेण

बर्फ मिळाला नाही म्हणून काही ठिकाणी मेणबत्तीचं मेण घेतात आणि मग सपाट रेष येत नाही म्हणून हैराण होतात. ती नीटशी येणारच नाही. मेण म्हणजे अनेक पदार्थांचं मिश्रण, त्यातला प्रत्येक घटक वेगळ्या तापमानाला वितळतो. तुपाचंही तेच, म्हणून थंडीत बरणीत खाली रवाळ थर आणि वर पातळ तूप दिसतं. एकच ठाम द्रवणांक हवा तर पदार्थ शुद्ध हवा.

संप्लवनाच्या प्रयोगातली गफलत

संप्लवन म्हणजे घन पदार्थाची द्रव न होता थेट वाफ होणं. त्याच्या प्रयोगात बाष्पनपात्रात पदार्थ, वर पालथं नरसाळं, त्याच्या तोंडाला कापसाचा बोळा. इथेही मोठी आच घात करते. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन ८० अंशांना वितळतं, आयोडीन ११४ च्या आसपास, कापूर साधारण १७५ ला. जोरात तापवलं तर पात्रात सरळ द्रव दिसतो आणि मुलं गोंधळतात, कारण "या पदार्थांना द्रव अवस्था नसते" असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. तसं नाही. द्रवणांकाच्या खालीच त्यांची भरपूर वाफ होते, एवढाच अर्थ. बाजारातल्या काही गोळ्या तर नॅफ्थलीनच्या नसून पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात आणि ५३ अंशांनाच वितळतात. नेहमीच्या हवेच्या दाबाला द्रव होतच नाही तो घन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कोरडा बर्फ. त्याचा द्रव मिळवायला हवेच्या पाचपटीहून जास्त दाब लागतो. नवसागराची गोष्ट आणखी निराळी. तो तापल्यावर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड अशा दोन वायूंत फुटतो आणि नरसाळ्याच्या गार भागावर ते पुन्हा जुळतात, म्हणजे तिथे रासायनिक बदलही आहे. परीक्षेत तो संप्लवनशील म्हणून लिहावा लागेल, पण चौकस विद्यार्थ्याने विचारलं तर त्याला खरं काय ते सांगा. कापूर पेट घेतो आणि नॅफ्थलीनची वाफ आरोग्याला वाईट, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा.

आलेख काढताना

वाचन दर अर्ध्या मिनिटाला घ्या, वेळ आडव्या अक्षावर. बिंदू पट्टीने एकेक जोडून करवतीसारखी रेघ काढू नका; त्यांच्यामधून जाणारी सलग रेष काढा. शेवटचा खडा वितळला तो क्षण आणि उकळी फुटली तो क्षण, दोन्ही आलेखावर बाणाने दाखवा. सपाट भाग ० ऐवजी ०.५ वर आला तर तसाच ठेवा आणि खाली कारण लिहा. दोन सपाट भागांपैकी दुसरा अर्धवट सोडला असेल तर रेष तिथेच थांबवा, अंदाजाने पुढे ओढू नका.

बर्नर बंद केल्यावर तापमापी लगेच नळाखाली धरू नका. ती स्टँडलाच राहू द्या आणि गार झाल्यावर पुसून ठेवा.