ड्रिफ्ट शिकवताना आधी पाय, मग हात

असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये ड्रिफ्ट (मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी वळवणं) शिकायला बसलेल्या मुलांची तक्रार बहुधा एकच असते: "दादा, गाडी गर्रकन फिरते, माझे हातच पुरत नाहीत." हात पुरत असतात. चूक अर्ध्या सेकंदापूर्वी पायाने केलेली असते आणि हात ती सावरायला धावत असतात. शिकवणाऱ्याने हातांवर मेहनत घेतली की मुलगा आणखी जोरात स्टीअरिंग आवळतो आणि गाडी आणखी फिरते. म्हणून इथला सगळा क्रम पायापासून सुरू होतो.

उदाहरणं इटलीच्या कुनोस सिमुलाझिओनीच्या २०१४ च्या मूळ असेटो कोर्सातली आहेत. ड्रिफ्टवाले अजून त्याच गेमवर जमतात, कारण मॉड (लोकांनी बनवलेल्या जादा गाड्या आणि ट्रॅक) भरपूर आहेत आणि साधारण कॉम्प्युटरवरही तो चालतो. सामान इंदूरच्या घरांत असतं तसंच धरलं आहे: अभ्यासाचं टेबल, लॉजिटेक जी२९ सारखं गिअरवर चालणारं स्टीअरिंग, चाकांची खुर्ची. आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून टाका की हे सिम्युलेटरपुरतं आहे. इंदूरचा सुपर कॉरिडोर रस्ता रात्री रिकामा दिसला म्हणून तिथे करून पाहायची ही गोष्ट नाही.

आधी खुर्ची, मग सेटिंग

चाकांच्या खुर्चीत बसून क्लच दाबला की खुर्ची मागे सरकते आणि पेडल फरशीवरून पुढे पळतात. मग पाय किती दाबला याचा अंदाज दर वेळी वेगळा येतो, आणि ज्याचा अंदाज स्थिर नाही त्याला गॅस शिकवता येत नाही. पेडल भिंतीला टेकवा, खाली रबरी चटई घाला आणि चार पायांची साधी लाकडी खुर्ची घ्या. स्टीअरिंगचा क्लॅम्प आवळूनही टेबल हलत असेल तर टेबलही भिंतीला लावा.

लॉजिटेकच्या जी हब सॉफ्टवेअरमध्ये स्टीअरिंगचा फेर ९०० अंशांवर ठेवा आणि गेममध्येही तोच आकडा द्या. सेंटरिंग स्प्रिंग पूर्ण बंद करा. ही स्प्रिंग स्टीअरिंगला सतत मधे ओढते, आणि ड्रिफ्टमध्ये आपल्याला नेमकं उलट हवं असतं. जी२९ चं स्टीअरिंग स्वतःहून फिरताना थोडं मंद आहे, त्यामुळे लहान मुलांसाठी दोन्हीकडे ७२० किंवा ५४० करायला हरकत नाही. दोन्ही आकडे मात्र एकच हवेत.

फोर्स फीडबॅक (स्टीअरिंगमधली मोटर हातांना देते तो जोर) तपासायला गेममधलं पेडल्स ॲप उघडून ठेवा. त्यातली फीडबॅकची पट्टी साध्या वळणातही लाल होत असेल तर मोटरची ताकद तिथेच संपली आहे. त्यापुढचं सगळं स्टीअरिंगला सारखंच लागतं, घसरण सुरू झाली की संपली हे हातांना कळत नाही. ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चाक आपटलं तरच पट्टी क्षणभर लाल व्हावी इतका गेन (फीडबॅकची एकूण ताकद) कमी करा. मिनिमम फोर्स (हलक्या धक्क्यालाही मिळणारा किमान जोर) १० टक्क्यांपासून सुरू करून वाढवत न्या, आणि सरळ रस्त्यावर स्टीअरिंग आपोआप थरथरू लागलं की दोन-तीन टक्के मागे या. गाडी आपोआप सांभाळणारी मदत, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस, ऑटो क्लच, बंद. स्टॅबिलिटी कंट्रोल शून्य, कारण तो थोडासा जरी चालू राहिला तरी गाडी स्वतःच सावरते आणि मुलाला ते आपलंच कसब वाटतं. टायर ब्लँकेट (टायर आधीपासून गरम ठेवणारं सेटिंग) चालू ठेवा, डॅमेज शून्य करा.

इंदूरच्या मे महिन्यात वरच्या मजल्याच्या खोलीत आणखी एक गोष्ट होते. स्टीअरिंगची मोटर तापली की फीडबॅक हळूहळू मरतो. काल जमत होतं ते आज जमत नाही म्हणून मुलगा सेटिंग बदलत बसतो आणि चांगलं सेटिंग बिघडवतो. अर्धा-पाऊण तास चालवून दहा मिनिटं थांबायचं आणि टेबल पंख्याचा वारा थेट स्टीअरिंगवर सोडायचा.

गाडी

पहिल्या गाडीसाठी मूळ गेममधलीच बीएमडब्ल्यू एम३ ई३० ड्रिफ्ट घ्या. तिला टर्बो नाही, त्यामुळे पाय जेवढा दाबला तेवढी ताकद लगेच मिळते. टर्बोच्या गाडीत ताकद उशिरा येते, मुलगा तोवर आणखी दाबतो आणि सगळं एकदम आलं की फिरतो. मॉडमधल्या हजार हॉर्सपॉवरच्या गाड्या मुलांना खूप आवडतात, पण त्यांची मागची चाकं कशीही फिरत राहतात, म्हणून पायाची चूक लपून जाते. कमी ताकदीची टोयोटा एई८६ उलट अंगाने अवघड आहे: घसरण टिकवायला सारखा क्लच मारावा लागतो, म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात. ती दुसरी गाडी म्हणून उत्तम.

सेटअपला सुरुवातीला हात लावू देऊ नका. ज्याला दोन फेऱ्या सारख्या मारता येत नाहीत त्याला टायरमधल्या हवेचा फरक कळणार नाही.

वर्तुळ

शिकवणीचा निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल. पीथमपूरच्या नॅट्रॅक्समध्ये २०२१ साली सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक सगळ्यांना माहीत आहे, पण गाडीचा तोल तपासायला तिथेही मोठं सपाट डांबरी मैदान वेगळं ठेवलेलं आहे. कारण गाडी का घसरली हे मोकळ्या जागी कळतं. वळणाच्या रस्त्यावर लक्ष भिंतीकडे असतं. गेममध्ये स्किडपॅडचा (अशा मोकळ्या सपाट मैदानाचा) एखादा मोफत मॉड घ्या.

पहिली पायरी जागच्या जागी. गाडी उभी, स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, पहिला गिअर, गॅस अर्धा, आणि क्लच पटकन सोडा. मागचा भाग बाहेर निघाला की मुलाने दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलायचे, अगदी पूर्ण. स्टीअरिंग झरकन उजवीकडे फिरेल. पुढची चाकं गाडीच्या नाकाच्या दिशेने न राहता गाडी जिकडे सरकते आहे तिकडे वळू पाहतात, म्हणून काउंटर स्टीअर (घसरणीच्या दिशेला स्टीअरिंग वळवणं) बराचसा आपोआप होतो. आपल्याला फक्त ते कुठे थांबवायचं एवढंच ठरवायचं असतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की स्टीअरिंग आवळून धरायची सवय सुटू लागते.

मग मधे एक कोन (रस्त्यावर ठेवतात तो शंकू) ठेवून त्याच्याभोवती साधारण १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ, दुसऱ्या गिअरमध्ये. कोरड्या डांबरावर वेग ३५ ते ४० किलोमीटरच्या आसपास बसतो. त्रिज्या ३० मीटर केली तर वेग दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होतो, म्हणजे ५० ते ५५. हा हिशेब मुलाला सांगा. मोठं वर्तुळ म्हणजे फार वेगाने घुसायचं, ही चुकीची समजूत त्याने जाते.

इथे पायाचं काम नीट समजावून द्या. मागच्या टायरकडे पकड ठरावीक असते. गॅस वाढवला की ती पकड चाक फिरवण्यात खर्च होते, बाजूला धरून ठेवायला कमी उरते, मागचा भाग बाहेर जातो आणि अँगल (गाडी किती आडवी झाली ते) वाढतो. गॅस हळू कमी केला की पकड परत येते आणि अँगल कमी होतो. गॅस एकदम सोडला की पकड एकदम येते आणि गाडी झटक्याने दुसऱ्या बाजूला फेकली जाते. बघणाऱ्याला ही तिसरी गोष्ट हाताची चूक दिसते, पण रिप्लेमध्ये पेडलची पट्टी पाहा: गाडी फेकली जाण्याच्या आधी गॅसची पट्टी तळाला आपटलेली असते.

म्हणून नियम असा की वर्तुळात गॅस कधीच शून्यावर यायचा नाही. नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो, पण ज्या जागी गाडी तोलात येते त्याच्या पाच टक्के वर-खाली एवढ्यातच पाय खेळला पाहिजे. सलग दहा फेऱ्या डावीकडे, सलग दहा उजवीकडे. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते. कच्च्या बाजूने सुरुवात करा, नाहीतर ती कायम उरलेल्या वेळेत ढकलली जाते.

नजरही इथेच लावायची. कोनाकडे टक लावली की गाडी आत येते आणि बॉनेटकडे पाहिलं की पुढचं काहीच दिसत नाही. वर्तुळावर आपण जिथे पोचणार आहोत तिथे, पाव फेरी पुढे पाहायचं. एकच मॉनिटर असेल तर ती जागा स्क्रीनच्या बाहेर जाते. फील्ड ऑफ व्ह्यू थोडा वाढवा किंवा डावी-उजवीकडे पाहायचं बटण अंगठ्याखाली द्या.

डिस्कॉर्डवर काय बोलायचं

डिस्कॉर्डच्या व्हॉइस कॉलवर शिकवताना लक्षात ठेवा, घसरत्या गाडीत मुलाला वाक्य ऐकू येत नाही. एकच शब्द पोचतो, तोही थोडा उशिराने. "सोड" हा शब्द मात्र टाळा. तुम्ही स्टीअरिंगबद्दल बोलत असता, मुलगा गॅस सोडतो आणि गाडी फेकली जाते. आधीच ठरवून घ्या: "हात" म्हणजे पकड सैल कर, "पाय" म्हणजे गॅस आहे तिथेच धर, "नजर" म्हणजे पुढे बघ. चौथा शब्द नको. बाकीचं सगळं गाडी थांबल्यावर रिप्लेसमोर बसून बोला, आणि आधी त्यालाच विचारा, "कुठे बिघडलं रे?" चूक त्याने स्वतः पट्टीवर शोधली तर पुढच्या वेळी तुम्हाला सांगावी लागत नाही.

आठचा आकडा

दोन कोन ४० मीटरवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढायला लावा. बाजू बदलताना क्रम असा: गॅस थोडा कमी, हात सैल, स्टीअरिंगला मधून स्वतः पलीकडे जाऊ द्यायचं, नव्या बाजूला पकडायचं आणि पकडतानाच गॅस परत. हे सगळं सेकंदाच्या आत होतं.

इथे दोन चुका हमखास दिसतात. स्टीअरिंग मुलगा स्वतः ओढून फिरवतो, ते गाडीपेक्षा मागे पडतं आणि गाडी पुढे फिरून जाते. किंवा पकडल्यावर गॅस उशिरा येतो, तोवर मागची चाकं पकड घेतात आणि गाडी सरळ होऊन बाहेर निघून जाते. पहिलीवर उपाय म्हणून हात पुन्हा उचलून घ्या, चक्क हवेत. दुसरीसाठी कोनांमधलं अंतर ३० मीटर करा. वेळ कमी मिळाला की पाय आपसूक लवकर येतो.

वळणात शिरणं

आता गेममधल्या ड्रिफ्ट ट्रॅकवर जा. सुरुवात हँडब्रेकने करा. दुसरा गिअर, ६० च्या आसपास वेग, ब्रेकला हलका स्पर्श म्हणजे वजन पुढे येतं, स्टीअरिंग आत, क्लच दाबून हँडब्रेक अर्ध्या सेकंदाहून कमी, आणि लगेच क्लच सोडून गॅस. क्लच न दाबता हँडब्रेक ओढला तर मागच्या चाकांबरोबर इंजिनही अडतं, आरपीएम (इंजिनचा फिरण्याचा वेग) कोसळतो आणि गॅस दिला तरी चाकं फिरत नाहीत. हँडब्रेक जास्त वेळ धरला तर गाडी फिरते. मुलं भीतीने तो लांबवतात, म्हणून "टिचकी मार" असं सांगा.

त्यानंतर क्लच किक: गॅस तसाच धरून क्लच पाव सेकंदात दाबून सोडायचा. क्लच दाबल्यावर आरपीएम वर उसळला पाहिजे. तो उसळला नाही तर गॅस कमी आहे. उसळल्यावर क्लच सुटला की मागची चाकं झटक्याने घसरू लागतात. फेंट शेवटी ठेवा. त्यात आधी वळणाच्या उलट बाजूला गाडी हलवून, गॅस उचलून, वजनाच्या झोक्यावर आत टाकायची असते, आणि आठचा आकडा पक्का नसेल तर ती कधीच जमत नाही.

गाडी वळणात शिरतच नसेल, सरळ बाहेर जात असेल, तर वेग जास्त आहे किंवा ब्रेकने पुढची चाकं जाम झाली आहेत. गाडी घसरण्याआधीच घाईने काउंटर दिला तरी असंच होतं. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलून पाहायला लावा, आणि आधी वेग १० ने कमी करा. शिरल्यावर वेग जास्त वाटला तर गॅस सोडायचा नाही, डाव्या पायाने हलका ब्रेक लावायचा. पुढचा भाग आत येतो, मागची चाकं फिरत राहतात. याला हलका पाय लागतो, वेळ द्या.

दोघं मिळून, ऑनलाइन

टँडेममध्ये, म्हणजे दोन गाड्या पुढे-मागे ड्रिफ्ट करताना, मागच्या गाडीला पुढची गाडी थोडी जुनी दिसते, उरलेला अंदाज गेम लावतो. ७२ च्या वेगाने गाडी सेकंदाला २० मीटर जाते. पिंग (सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंद असेल तर तेवढ्यात ३ मीटर, म्हणजे गाडीच्या लांबीच्या पाऊण भागाच्या आसपास. पिंग ४० असेल तर जेमतेम ८० सेंटिमीटर. इंदूरहून युरोपच्या सर्व्हरवर दाराला दार चिकटवून चालवणं म्हणूनच फसतं, विशेषतः बाजू बदलताना, कारण तिथेच गेमचा अंदाज चुकतो. मुंबईतला सर्व्हर निवडा आणि वाय-फायऐवजी लॅनची तार लावा.

घरच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवायचा तर राउटरमध्ये ९६०० (टीसीपी आणि यूडीपी दोन्ही) आणि ८०८१ हे पोर्ट उघडावे लागतात. घरगुती फायबरवर बरेचदा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, मग पोर्ट उघडूनही बाहेरचा कोणी जोडला जात नाही. अशा वेळी मुंबईच्या डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर भाड्याने घेणं सोपं.

पहिल्या टँडेममध्ये पुढे तुम्ही चालवा. वेग रोजच्यापेक्षा कमी, रेषा दर फेरीला तीच, आणि बाजू बदलण्याआधी मोठ्याने सांगा. मागच्याने दोन गाड्यांचं अंतर ठेवायचं आणि पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे न पाहता तिच्या पुढच्या चाकांकडे पाहायचं, कारण पुढचा काय करणार हे तिथे आधी दिसतं. धडक होईल असं वाटलं तर मागच्याने क्लच दाबून ब्रेकवर उभं राहायचं आणि स्टीअरिंग आहे तिथेच धरायचं. जाम चाकांची गाडी चालली होती त्याच दिशेने सरकत थांबते, त्यामुळे पुढच्याला कुठून निसटायचं ते कळतं.